काळा पडदा फोटोत राखाडी का येतो? पडद्यावर पडणारा प्रकाश शोधून काढण्याची पद्धत

मागे काळा पडदा आहे, समोर फ्लॅश आहे, आणि तरी फोटोत पार्श्वभूमी राखाडी येते. वर पडद्याच्या सुरकुत्या दिसतात, एखाद्या कोपऱ्यात उजळ डाग असतो. एडिटिंगमध्ये ती ओढून काळी केली की केसांची कड आणि गडद कपडेही तिच्यात गडप होतात. पुढच्या शूटला पुन्हा तेच.

हा त्रास संपत नाही, कारण दर वेळी पडदा बदलून बघितला जातो. पडद्याचा वाटा आहे, पण छोटा. पार्श्वभूमी काळी येते ती तिथे प्रकाश पोहोचत नाही म्हणून. राखाडी आली असेल तर कुठून तरी प्रकाश पोहोचतो आहे, आणि तो कुठून येतो हे दहा-पंधरा मिनिटांत हुडकता येते. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

आधी थोडे आकडे बघू, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. काळा सीमलेस कागद (पार्श्वभूमीसाठी मिळणारा बिनजोड कागदाचा रोल) त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश परत फेकतो. ज्या मिडल ग्रेवर, म्हणजे मधल्या राखाडी छटेवर, एक्स्पोजरचा हिशेब बसवलेला असतो, तो १८ टक्के फेकतो. म्हणजे चेहऱ्यावर जितका प्रकाश आहे तितकाच काळ्या कागदावर पडला, तर तो कागद मिडल ग्रेपेक्षा जेमतेम दोन स्टॉप गडद येईल (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ० (पूर्ण काळे) ते २५५ (पूर्ण पांढरे) या मोजपट्टीवर हे साधारण ६० च्या आसपास बसते. ६० म्हणजे गडद राखाडी. कागदात काही खोट नाही, प्रकाशाच्या हिशेबाने तो बरोबरच दिसतो आहे.

याच कागदावर चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश पडला तर आकडा २७ च्या आसपास उतरतो. चार स्टॉप कमी पडला तर ९ वर येतो, आणि तिथे डोळ्याला ते काळेच वाटते. कॅमेऱ्याच्या टोन कर्व्हप्रमाणे हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण चार स्टॉपचा फरक हे लक्ष्य डोक्यात पक्के ठेवा. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

पहिली तपासणी: फ्लॅश बंद करून एक फ्रेम

शूटसाठी ठरवलेले सेटिंग तसेच ठेवा. समजा आयएसओ १००, १/१६० सेकंद, एफ/८. ट्रिगर काढून टाका आणि खोलीतला उजेड जसा आहे तसा ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे गडद-उजळ भागांच्या आलेखात, सगळे डावीकडच्या भिंतीला चिकटलेले दिसले पाहिजे.

तिथे काहीही दिसत असेल, पडद्याची कड, खिडकीचा पट्टा, छताचा दिवा, तर खोलीतला उजेड तुमच्या फोटोत मिसळतो आहे. फ्लॅशचा झटका शटर उघडे असतानाच्या अगदी लहान क्षणात संपतो, त्यामुळे शटर वेगवान केल्याने फ्लॅशचे एक्स्पोजर बदलत नाही, खोलीतला उजेड मात्र कमी होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरपर्यंत, जा. बहुतेक फोकल प्लेन शटरच्या कॅमेऱ्यांत तो १/१६० ते १/२५० सेकंदाच्या दरम्यान असतो. तरीही उजेड उरला तर अ‍ॅपर्चर बारीक करा आणि फ्लॅशची पॉवर तेवढीच वाढवा. सिंकच्या पुढे जाऊन हायस्पीड सिंक लावले की हा फायदा जवळपास हातचा जातो, कारण त्या पद्धतीत फ्लॅशचे एक्स्पोजरही शटरबरोबर घटत जाते.

एलईडीसारख्या सतत जळणाऱ्या दिव्यांवर काम करत असाल तर शटरची ही युक्ती चालणार नाही. मुख्य दिवा आणि खोलीचा उजेड, दोन्ही शटरबरोबर सारखेच कमी-जास्त होतात. तिथे खिडक्या झाकणे आणि बाकीचे दिवे घालवणे याला पर्याय नाही. काळी पार्श्वभूमी तुमचे नेहमीचे काम असेल तर साधा फ्लॅश महागड्या एलईडीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी तपासणी: एका वेळी एकच लाइट

आता मुख्य लाइट, फिल (सावल्या उजळणारा लाइट), हेअर लाइट (मागून केसांवर पडणारा), जे काही लावले असेल ते एकेक करून पेटवा आणि प्रत्येकाची वेगळी फ्रेम काढा. एकाच वेळी तीन लाइट पेटवून पडद्यावरचा डाग कोणाचा हे ओळखणे अशक्य असते. वेगवेगळ्या फ्रेम असल्या की दोषी लगेच सापडतो, आणि पुष्कळदा तो मुख्य लाइट नसतोच. मागच्या हेअर लाइटची बाजूने निसटलेली झाक किंवा फिल म्हणून ठेवलेली पांढरी छत्री, यांपैकी कोणीतरी असते.

शूट-थ्रू छत्रीबद्दल स्पष्टच सांगतो: गडद पार्श्वभूमीसाठी ती वापरू नका. तिच्यातून प्रकाश पुढे तर जातोच, मागेही तितक्याच जोमाने पसरतो, आणि खोलीच्या भिंती दुसऱ्या लाइटसारखे काम करू लागतात. सॉफ्टबॉक्स, म्हणजे समोर पांढरे कापड असलेली लाइटची पेटी, बराच शिस्तीत वागतो, त्याला कापडी ग्रिड (प्रकाश बाजूंना पसरू न देणारी जाळी) लावली की आणखी. साध्या रिफ्लेक्टरवर हनीकोम ग्रिड लावता येते. ती २०, ३०, ४० अंशांत मिळते आणि अंश जितका लहान तितका प्रकाशाचा झोत आवळलेला राहतो.

ग्रिड नसली तरी अडत नाही. लाइट आणि पडदा यांच्या मध्ये काळा फोमबोर्ड किंवा काळ्या रंगाने रंगवलेला जाड पुठ्ठा उभा करा. त्याची सावली पडद्यावर पडली पाहिजे, सब्जेक्टवर नाही. यासाठी एक साधी परीक्षा आहे: पडद्यापाशी जाऊन उभे राहा आणि लाइटकडे बघा. सॉफ्टबॉक्सचा पांढरा पृष्ठभाग तिथून दिसत असेल तर तेवढा प्रकाश पडद्यावर येतोच आहे. पुठ्ठा सरकवत जा, लाइट थोडा फिरवा, आणि तो पृष्ठभाग दिसेनासा झाला की थांबा. पडद्याच्या दोन्ही टोकांना आणि वरच्या बाजूलाही हे करून बघा. मीटरशिवाय, एकही फोटो न काढता, निम्मे काम इथेच होते.

लाइट फिरवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बरेच जण लाइट कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवून सरळ सब्जेक्टवर रोखतात. मग जे सब्जेक्टवरून निसटते ते थेट पडद्यावर आदळते. तोच सॉफ्टबॉक्स सब्जेक्टच्या बाजूला न्या आणि त्याचे तोंड किंचित कॅमेऱ्याकडे वळवा. आता चेहऱ्याला सॉफ्टबॉक्सच्या कडेचा मऊ प्रकाश मिळतो आणि मुख्य झोत पडद्याच्या समांतर निघून जातो. पॉवर थोडी वाढवावी लागते, पण पडद्यावरचा उजेड झपाट्याने कमी होतो.

प्रत्यक्ष येणारा प्रकाश अडवूनही पडदा उजळ राहिला तर भिंतींकडे बघा. छोट्या खोलीत पांढरे छत आणि पांढऱ्या भिंती हीच मोठी अडचण असते, कारण पांढरी भिंत जवळजवळ ९० टक्के प्रकाश परत फेकते. सब्जेक्टच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळे बोर्ड उभे करा. छत खाली असेल तर वरही काळे कापड ताणा. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा पांढरा शर्टही जवळून काढलेल्या प्रॉडक्ट फोटोत दिसतो. काळे कपडे घालून काम करा.

अंतर

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिले जाते. लाइटपासून अंतर दुप्पट केले की प्रकाश चौपट कमी होतो, तिप्पट केले की नऊपट. याचा उपयोग असा करायचा: लाइट सब्जेक्टच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, आणि सब्जेक्टला पडद्यापासून जितके पुढे आणता येईल तितके आणा.

समजा लाइट चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि पडदा चेहऱ्याच्या मागे १ मीटरवर. लाइटपासून पडदा साधारण २ मीटर, म्हणजे चौपट कमी प्रकाश, दोन स्टॉप. पुरेसे नाही. पडदा ३ मीटर मागे नेला तर लाइटपासून अंतर ४ मीटर, सोळापट कमी, चार स्टॉप. लक्ष्य गाठले. पण इतकी लांब खोली नसेल तर? पडदा २ मीटर मागे ठेवा आणि लाइट अर्ध्या मीटरवर आणा. आता अंतरे अर्धा आणि अडीच मीटर, म्हणजे पाचपट, आणि प्रकाश पंचवीसपट कमी. साडेचार स्टॉपच्याही वर. कमी जागेत जास्त फरक मिळाला, तो फक्त लाइट जवळ आणल्यामुळे. लाइट पुढे आणला की पॉवर कमी करायला विसरू नका, नाहीतर चेहराच जळेल.

हा हिशेब बारीक, ठिपक्यासारख्या दिव्यासाठी काटेकोर आहे. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असताना प्रकाश अंतराबरोबर इतक्या वेगाने कमी होत नाही. ९० सेंटीमीटर व्यासाचा गोल सॉफ्टबॉक्स अर्ध्या मीटरवर ठेवला तर वरच्या उदाहरणात साडेचारऐवजी पावणेचारच्या आसपास स्टॉप मिळतात. सॉफ्टबॉक्सच्या व्यासाच्या पाचपट अंतराच्या पलीकडे गेल्यावर मात्र नियम जवळजवळ तंतोतंत लागू होतो. म्हणून कागदावर चार स्टॉप बसतात आणि फोटोत कमी दिसतात असे झाले तर हिशेब चुकला असे समजू नका. ग्रिड लावून किंवा लाइट वळवून उरलेला फरक भरून काढा.

काळा पडदा नसेल आणि मागे पांढरी भिंतच असेल तर? होते, पण अंतर फार लागते. पांढरी भिंत काळ्या कागदापेक्षा सव्वाचार स्टॉपने उजळ असते. म्हणजे तिच्यावर चार स्टॉप कमी प्रकाश पाडूनही ती जेमतेम भर उजेडातल्या काळ्या कागदाइतकी गडद होईल. आठ स्टॉपचा फरक छोट्या खोलीत नुसत्या अंतराने मिळणार नाही. तिथे काळे कापड लावणेच शहाणपणाचे.

कापड कोणते, आणि त्यावर दिसते काय

मखमल सर्वांत चांगली. सुती मखमलीच्या लवेत प्रकाश अडकून राहतो आणि परत येणारा हिस्सा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली जातो. पण मखमलीला दिशा असते. लव एका बाजूने हात फिरवला की गडद दिसते, उलट फिरवला की चमकते. लावण्याआधी कापड प्रकाशात धरून दोन्ही दिशांनी बघा आणि जी गडद दिसते ती निवडा. दोन तुकडे शेजारी लावायचे असतील तर दोघांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर जोडावर दोन वेगळे काळे दिसतील. मखमलीवर धुळीचे आणि धाग्यांचे पांढरे ठिपकेही फार उठून दिसतात. शूटच्या आधी लिंट रोलर फिरवणे हे त्या फोटोच्या रिटचिंगमधला अर्धा तास वाचवणे आहे.

पातळ सुती कापडाच्या सुरकुत्या इस्त्रीने कमी होतात, पण खालच्या दांडीला वजन लावून ताणून ठेवले की जास्त फरक पडतो. सब्जेक्ट पुढे आला की पडदा फोकसबाहेर जातो आणि उरलेल्या सुरकुत्या विरघळतात. विनाइल आणि चकचकीत कागद टाळा. त्यांच्यावर लाइटचे थेट प्रतिबिंब उमटते आणि ते कितीही काळे असले तरी तेवढी जागा पांढरी होते.

काळे कापड लालसर किंवा जांभळट येत असेल तर कापडच तपासा. काही कृत्रिम धाग्यांचे काळे रंग डोळ्याला काळे दिसतात, पण इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतात. २००६ मध्ये आलेल्या लायका एम८ मध्ये सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड फिल्टर कमकुवत होता, आणि त्यात काळे सिंथेटिक कपडे जांभळे येत. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्टर चांगला असतो, तरी हॅलोजनसारख्या दिव्यांखाली किंचित झाक दिसू शकते. कापड बदलून एक फ्रेम काढली की उत्तर मिळते.

जमिनीचा प्रश्न

कमरेपर्यंतच्या पोर्ट्रेटला वरचे सगळे उपाय पुरतात. पूर्ण उभा फोटो किंवा टेबलावरची वस्तू असली की खरी परीक्षा सुरू होते. पडदा मागे नेता येतो, जमीन नेता येत नाही. पायांवर जेवढा प्रकाश, तेवढाच पायाखालच्या काळ्या कागदावर. म्हणून मागचा भाग काळाभोर आणि खालचा राखाडी, आणि दोघांच्या मध्ये एक रेघ, असा फोटो येतो.

इथे मखमल अंथरणे हा पहिला उपाय. कागदावरून मखमलीवर आलात की दोन स्टॉप किंवा जास्तच मिळतात. दुसरा उपाय, लाइटच्या खालच्या भागासमोर काळा बोर्ड आडवा धरून गुडघ्याखालचा प्रकाश हळूहळू कमी करणे. पाय थोडे गडद येतात, ते चालते, नजर चेहऱ्यावरच राहते. बोर्ड लाइटच्या जवळ धरला तर प्रकाश अलगद कमी होतो, सब्जेक्टच्या जवळ धरला तर कडक रेघ पडते.

छोट्या वस्तूंसाठी काळे अ‍ॅक्रिलिक फार चांगले. ते आरशासारखे वागते, म्हणजे कॅमेऱ्याला त्यात मागच्या पडद्याचेच प्रतिबिंब दिसते. पडदा काळा असला की अ‍ॅक्रिलिक काळे, आणि वस्तूचे प्रतिबिंब खाली मिळते. मात्र लाइट त्यात दिसेल अशा कोनात ठेवू नका, आणि धूळ पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे कापड हाताशी ठेवा. वस्तू आणि पडदा यांच्यात अंतर इथेही हवेच. टेबल भिंतीला चिकटवून ठेवण्याची सवय मोडा.

काचेची बाटली किंवा पेला काळ्यावर घ्यायचा असेल तर समोरून प्रकाश टाकून कडा दिसतच नाहीत. मागे मोठा सॉफ्टबॉक्स ठेवा आणि त्याच्या समोर, फ्रेम भरेल एवढ्याच आकाराचे काळे कार्ड लावा. कार्डाच्या बाजूंनी येणारा प्रकाश काचेच्या कडांत वळतो आणि कडा पांढऱ्या रेषांनी उजळतात, मधला भाग काळा राहतो. कार्ड गरजेपेक्षा फार मोठे झाले तर कडा मंदावतात, लहान झाले तर फ्रेमच्या काठाला सॉफ्टबॉक्स दिसतो.

पडदा काळा आहे, तरी फोटोवर धुरकट पडदा

पार्श्वभूमी एकाच भागात न उजळता संपूर्ण फोटो फिकट, काळ्यात दूध मिसळल्यासारखा दिसत असेल तर प्रकाश पडद्यावर नाही, लेन्समध्ये शिरतो आहे. मागून लावलेला रिम लाइट याचा नेहमीचा कारभारी. लेन्सच्या जागी डोळा नेऊन बघा. तिथून लाइटचा उजेड दिसत असेल तर लाइट आणि कॅमेरा यांच्या मध्ये काळा बोर्ड आणा. लेन्स हूड लावा, स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा, काच पुसा. हात फ्रेमच्या बाहेर धरून लेन्सवर सावली पाडली आणि काळे एकदम गाढ झाले, तर निदान पक्के.

कॅमेरा आणि फाइल

मीटरिंग आपोआप चालू असेल तर कॅमेरा मोठी काळी जागा बघून ती मिडल ग्रेला आणायचा प्रयत्न करतो, आणि चेहरा पांढराफटक होतो. मॅन्युअलवर या. फ्लॅशचे टीटीएलही (पॉवर आपोआप ठरवणारी सोय) बंद करा, दर फ्रेमला पॉवर बदलत राहिली तर वरची एकही तपासणी धड होत नाही.

निकॉनचे अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचे ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीचे डीआरओ, या सगळ्या सोयी सावल्या उचलण्यासाठीच बनवलेल्या आहेत. काळ्या पार्श्वभूमीच्या कामात त्या उलट काम करतात. बंद ठेवा. रॉ फाइल काढा.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. अंधाऱ्या खोलीत ती भलतीच उजळ वाटते. एडिटिंगमध्ये आय ड्रॉपर पार्श्वभूमीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये फिरवून आकडे वाचा. १० च्या खाली आणि तिन्ही रंगांत जवळपास सारखे असतील तर काम झाले. एका कोपऱ्यात ८ आणि दुसऱ्यात २५ असेल तर पुन्हा दुसऱ्या तपासणीकडे जा, तिथला प्रकाश अडवायचा राहिला आहे.

उरलेले थोडे काम एडिटिंगमध्ये करायला हरकत नाही. ब्लॅक्सचा स्लायडर अल्ट दाबून ओढला की कुठला भाग पूर्ण काळा होतो ते दिसते. तो भाग केसांत किंवा जॅकेटच्या घडीत शिरायला लागला की थांबा, पुढचे मास्क लावून फक्त पार्श्वभूमीवर करा. गडद भागातून हलका उतार ठेवायचा असेल तर १६ बिटमध्ये काम करा आणि शेवटी किंचित ग्रेन घाला, नाहीतर जेपीईजीत पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उमटतात.

काळे केस आणि काळे कपडे पार्श्वभूमीत हरवत असतील तर पार्श्वभूमी उजळ करू नका. सब्जेक्टच्या मागे एका बाजूला ग्रिड लावलेला छोटा लाइट ठेवा, खांद्याच्या आणि केसांच्या कडेवर रेघ येईल इतकाच. मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप कमीपासून सुरुवात करा. तो पेटवल्यावर दुसरी तपासणी पुन्हा एकदा करा, कारण आता लेन्सकडे तोंड असलेला एक लाइट सेटमध्ये वाढला आहे.